पीएफसीआरटीला फॅब चिकटवला त्याची गोष्ट: फेज डिस्प्ले आणि मेम्ब्रेन प्रोटीनची एक पूर्ण केस

फेज डिस्प्ले (फेज म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूच्या टोकाला प्रोटीन लावून हवं ते वेचायची पद्धत) म्हटलं की बहुतेकांना अँटिबॉडीची औषधं आठवतात, ह्युमिरा वगैरे, आणि मेम्ब्रेन प्रोटीन (पेशीतल्या पडद्यात रुतलेलं प्रोटीन) म्हटलं की डिटर्जंट, क्रिस्टल, क्रायो-ईएम (गोठवलेल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो). दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध हे एमएस्सीपर्यंत कुणी धड सांगत नाही. म्हणून एक केस घेतो, जिच्यात फेज डिस्प्लेतून निघालेली अँटिबॉडी कुणाला इंजेक्शन म्हणून टोचायची नव्हती, एका अडेल प्रोटीनचा फोटो नीट यावा एवढ्यासाठीच ती हवी होती. प्रोटीन मलेरियाच्या परजीवीचं, नाव पीएफसीआरटी. काम तीन-चार लॅबनी मिळून केलेलं: न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत फिलिपो मान्सिया आणि डेव्हिड फिडॉक, फॅब (अँटिबॉडीचा तुकडा) शोधायला शिकागो युनिव्हर्सिटीचे अँथनी कोसियाकॉफ, मायक्रोस्कोपीला न्यूयॉर्क स्ट्रक्चरल बायोलॉजी सेंटर. २०१९ मध्ये नेचरला छापून आलं.

आधी हे प्रोटीन एवढं महत्त्वाचं का ते बघू, कारण त्याशिवाय एवढी खटपट कशाला हे कळणार नाही. फाल्सिपेरम परजीवी लाल रक्तपेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. ते पचवायला त्याच्याकडे एक आम्लाची पिशवी असते, डायजेस्टिव्ह व्हॅक्युओल, पीएच साधारण ५ ते ५.५. हिमोग्लोबिन पचलं की हीम सुटं होतं, आणि सुटं हीम परजीवीला विष, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो, त्यालाच हिमोझॉइन म्हणतात. क्लोरोक्विन हा कमकुवत बेस. पिशवीत शिरला की आम्लामुळे त्याच्यावर धन भार चढतो, मग मेम्ब्रेनमधून परत बाहेर पडणं जमत नाही, तिथेच साठत जातो आणि हीमचे स्फटिक होऊ देत नाही. साधं, स्वस्त औषध, १९३४ साली बायरच्या लॅबमध्ये बनलेलं. पण १९५०च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या हद्दीवर आणि तिकडे कोलंबियात ते चालेनासं झालं. भारतात रेझिस्टन्सची पहिली नोंद १९७३ ची, आसामच्या कार्बी आंगलाँगमधली.

हे कशामुळे होतं ते २००० साली फिडॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: त्या पिशवीच्या मेम्ब्रेनमध्ये बसलेलं एक ट्रान्सपोर्टर प्रोटीन, त्याच्या ७६ नंबरच्या जागी लायसिन जाऊन थ्रिओनिन आलं. म्हणजे के७६टी. पुढे २००९ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंडपेशींत हे प्रोटीन घालून दाखवलं गेलं की म्यूटंट रूप क्लोरोक्विन खरंच वाहून नेतं, मूळ रूप नेत नाही. थोडक्यात पिशवीत अडकलेलं औषध बाहेर काढून द्यायचं दार उघडलं. आता हे दार दिसतं कसं, औषध त्यात कुठे बसतं, हे बघायचं तर स्ट्रक्चर पाहिजे. आणि इथे गाडी बरीच वर्षं अडली.

अडली कारण हे प्रोटीन स्ट्रक्चरवाल्यांसाठी सगळ्या बाजूंनी गैरसोयीचं आहे. ४२४ अमिनो आम्लं, वजन ४९ किलोडाल्टन, १० हेलिक्स मेम्ब्रेनच्या आरपार गेलेल्या, आणि मेम्ब्रेनच्या बाहेर जवळजवळ काहीच नाही. क्रिस्टल करायचे तर रेणू एकमेकांना कुठेतरी टेकले पाहिजेत, आणि इथे टेकायला जागाच नाही, सगळा मधला भाग डिटर्जंटने झाकलेला. क्रायो-ईएममध्ये क्रिस्टल लागत नाहीत हे खरं, पण तिथे वेगळी पंचाईत. लाखो रेणूंचे अतिशय धूसर फोटो काढायचे आणि प्रत्येक रेणू कुठल्या बाजूने वळलेला आहे हे कॉम्प्युटरने ओळखून सगळे एकमेकांवर बसवायचे. आता प्रोटीन छोटं, त्याच्याभोवती लिपिडची गोल चकती, बाहेर डोकावणारं काही नाही, तर ओळखणार कशावरून? रव्याच्या लाडवाचे अंधुक फोटो दिले आणि सांगितलं की कुठला किती फिरलाय ते सांग, तर नाही सांगता येणार, पण एका बाजूला बेदाणा खोचलेला असेल तर प्रत्येक फोटोत आधी बेदाणा शोधायचा आणि काम झालं. फॅब हा तो बेदाणा.

फॅब म्हणजे अँटिबॉडीचा एक हात, साधारण ५० किलोडाल्टनचा. तो पीएफसीआरटीला घट्ट आणि एकाच ठरावीक जागी बसला तर वजन दुप्पट होतं, आणि मेम्ब्रेनच्या बाहेर एक ठसठशीत खूण येते जी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला दिसते.

ही युक्ती नवीन नव्हती. मॅकिननच्या लॅबने २००१ मध्ये केसीएसए या पोटॅशियम चॅनलचं २ अँगस्ट्रॉमचं (आकडा जितका लहान तितका फोटो स्पष्ट) स्ट्रक्चर फॅब लावूनच काढलं होतं, पण तो फॅब उंदरातून, हायब्रिडोमाच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या, न मरणाऱ्या पेशींच्या) रस्त्याने आलेला. २०११ मध्ये बीटा-२ रिसेप्टरची (ॲड्रेनालिन ओळखणारं मेम्ब्रेन प्रोटीन) ॲक्टिव्ह अवस्था पकडणारी एनबी८० नॅनोबॉडी (लामाच्या अँटिबॉडीचा छोटा तुकडा) आली, तिच्यात फेज डिस्प्ले होतं, पण आधी लामाला टोचून मग त्याच्या रक्तातून लायब्ररी केलेली. जनावराचा रस्ता वाईट आहे असं अजिबात नाही, लामावाल्यांनी त्यावर ढीगभर काम केलंय. पण पीएफसीआरटीसारख्या प्रोटीनला तो अडचणीचा पडतो असं मला वाटतं. प्रोटीन टोचलं की प्राण्याच्या शरीरात ते कुठल्या घडीत राहतं यावर आपला काही ताबा नसतो. मेम्ब्रेन प्रोटीन उलगडून पडलं तर इम्यून सिस्टीम त्या उलगडलेल्या शेपटीवरच छान अँटिबॉडी करून देते, ज्या वेस्टर्न ब्लॉटला (उलगडलेलं प्रोटीन ओळखायची चाचणी) मस्त आणि स्ट्रक्चरला शून्य उपयोगाच्या. शिवाय एकूण बाहेर दिसणारा भागच एवढासा, म्हणजे चांगली अँटिबॉडी निघायची शक्यता मुळातच कमी. फेज डिस्प्लेत सगळं ट्यूबमध्ये होतं, म्हणून बफर आपला, पीएच आपला, लिपिड आपलं, प्रोटीन कुठल्या अवस्थेत दाखवायचं तेही बऱ्यापैकी आपल्या हातात.

कोसियाकॉफच्या लॅबचं वैशिष्ट्य हे की त्यांची लायब्ररी पूर्ण सिंथेटिक. एकच मजबूत फॅबचा सांगाडा घेतला, हर्सेप्टिन या कॅन्सरच्या अँटिबॉडी औषधातला, आणि फक्त टोकाची जी वळणं अँटिजनला धरतात तिथली अमिनो आम्लं बदलत ठेवली. त्यातून १००० कोटींच्या घरात वेगवेगळे फॅब. प्रत्येक फॅब एका एम१३ फेजच्या टोकाला, पी-३ प्रोटीनला जोडलेला, आणि त्या फॅबचा जीन त्याच फेजच्या पोटात. एम१३ म्हणजे जेमतेम ९०० नॅनोमीटर लांब आणि ६-७ नॅनोमीटर जाड, नुसता धागा. जो फेज टार्गेटला चिकटला त्याला ई. कोलायमध्ये वाढवायचं आणि शेवटी त्याचा डीएनए वाचायचा, की फॅबचा पूर्ण फॉर्म्युला हातात. याच लॅबने २००९ मध्ये पूर्ण लांबीचं केसीएसए बंद अवस्थेत पकडलं होतं ते अशाच सिंथेटिक फॅबच्या आधाराने, म्हणजे या कामाला एक पूर्वपीठिका होती.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते या केसमधली शिकण्यासारखी गोष्ट हीच, बाकी सगळं पुस्तकात मिळतं. फेजसमोर तुम्ही काय धरता त्यालाच फेज चिकटतो, तुमच्या मनात काय होतं त्याला नाही. डिटर्जंटच्या मायसेलमधलं (डिटर्जंटच्या रेणूंच्या गोळ्यातलं) प्रोटीन धरलं तर एक तर प्रोटीन हळूहळू बिघडत जातं आणि दुसरं म्हणजे मायसेलला चिकटणारे फेज गोळा होतात. म्हणून कोसियाकॉफच्या लॅबमध्ये नॅनोडिस्क वापरतात: लिपिडच्या दोन थरांची चिमुकली चकती, तिच्या कडेने एका प्रोटीनचा पट्टा बांधलेला, मध्ये आपलं टार्गेट बसलेलं. टार्गेट त्याच्या घरच्यासारख्या वातावरणात राहतं. बायोटिनचा टॅग (बायोटिन स्ट्रेप्टॅव्हिडिनला घट्ट चिकटतं, म्हणून त्याने टार्गेट बाहेर ओढता येतं) टार्गेटला लावता येतो किंवा सरळ कडेच्या पट्ट्याला. पट्ट्याला लावला तर टार्गेट पूर्ण मोकळं राहतं, कुठलीच बाजू झाकली जात नाही.

पण नॅनोडिस्क वापरली की नवी डोकेदुखी. चकतीत टार्गेटपेक्षा लिपिड आणि पट्टाच जास्त, मग पट्ट्यालाच चिकटणारे फॅब वर येणार. त्यावर उपाय म्हणजे ट्यूबमध्ये रिकाम्या नॅनोडिस्क भरपूर टाकून ठेवायच्या, बायोटिन नसलेल्या. ज्या फेजला पट्टा किंवा लिपिड आवडतं तो तिकडे जाऊन बसतो, आणि बायोटिन नसल्यामुळे धुण्यात वाहून जातो. किती सोपं! पण हे नीट न केल्यामुळे वाया गेलेली सिलेक्शन्स बरीच असणार, फक्त ती कुणी छापत नाही.

एक राउंड प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगतो, कारण पेपरच्या मेथड्समध्ये तो दोन ओळींत संपतो. लायब्ररी, रिकाम्या डिस्क आणि बायोटिनवाली टार्गेट-डिस्क एकत्र हलवत ठेवायची, मग स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मॅग्नेटिक बीड्स टाकायचे. ट्यूब मॅग्नेटच्या स्टँडला लावली की तपकिरी बीड्स भिंतीला जाऊन चिकटतात आणि पाणी नितळ होतं, ते पिपेटने काढून घ्यायचं, टोक बीड्सला लागू द्यायचं नाही, परत बफर, परत हलव, परत मॅग्नेट. धुणं कमी झालं तर कचरा राहतो, जास्त झालं तर पहिल्याच राउंडमध्ये दुर्मिळ चांगले फेज निघून जातात, कारण तेव्हा एकेका फॅबच्या कॉपी मोजक्याच असतात. म्हणून पहिला राउंड नेहमी सैल ठेवायचा, टार्गेट भरपूर द्यायचं, आणि पुढे प्रत्येक राउंडला टार्गेट कमी कमी करत न्यायचं, काहीशे नॅनोमोलरपासून दहा-वीस नॅनोमोलरपर्यंत, म्हणजे जे खरंच घट्ट धरतात तेच टिकतात. मग फेज सोडवायचे. इथे शिकागोवाल्यांची एक गंमत आहे, ॲसिडने सगळंच सोडवण्याऐवजी जोरकस डिटर्जंट टाकायचा, त्याने नॅनोडिस्कच विरघळते आणि टार्गेटला धरून बसलेले फेज सुटतात, पण नुसते बीड्सला किंवा ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटलेले मागेच राहतात. सुटलेले फेज वाढीला लागलेल्या ई. कोलायमध्ये घालायचे, वर हेल्पर फेज (नवे फेज बांधायला लागणारे बाकीचे जीन पुरवणारा), रात्रभर शेकर, सकाळी पीईजी (एक पॉलिमर) आणि मीठ घालून बर्फात ठेवलं की फेज पांढरे होऊन खाली बसतात. परत पहिल्यापासून. असे चार-पाच राउंड.

त्यानंतर वेगवेगळ्या कॉलनी उचलून एलायझा, म्हणजे फॅब चिकटला तर रंग येणारी चाचणी. निळं झालं, ॲसिडने पिवळं झालं, सगळे खूश. मला इथे लोकांना थांबवावंसं वाटतं. एलायझाचा पिवळा रंग एवढंच सांगतो की काहीतरी चिकटलं. म्हणून रिकाम्या डिस्कवर तोच एलायझा करून दोन्ही शेजारी ठेवायचे, मग सुटं टार्गेट घालून सिग्नल कमी होतो का ते बघायचं, मग फॅब वेगळा बनवून टार्गेटसोबत साइझ-एक्सक्लुजन कॉलमवर (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणारी नळी) सोडायचा आणि पीक खरंच पुढे सरकतं का, दोघं एकत्र उतरतात का ते जेलवर बघायचं. शेवटी निगेटिव्ह स्टेन (जड धातूच्या रंगात बुडवून काढलेला झटपट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप फोटो), त्यात फॅब ओळखू येतो कारण त्याच्या मध्ये भोक दिसतं. चकतीतून एकच फॅब एकाच कोनात बाहेर आलेला दिसला तर पुढे जायचं. लटपटत असेल तर एलायझा कितीही पिवळा असो, तो क्लोन बाजूला. फॅबला स्वतःला पण मध्ये एक कोपर असतं तिथे तो वाकतो, त्यामुळे काही फॅब घट्ट चिकटूनही फोटोत निरुपयोगी ठरतात. नंतरच्या वर्षांत लोकांनी यावरही तोड काढली, कोपर ताठ करणारे बदल, फॅबलाच चिकटणारी नॅनोबॉडी वगैरे, पण तो वेगळा विषय.

पीएफसीआरटीच्या बाबतीत यातून जो फॅब निवडला गेला त्याचं नाव सीटीसी. टार्गेट म्हणून त्यांनी ७जी८ हे रूप घेतलेलं, मूळ ब्राझीलमधल्या परजीवीचं, ज्यात पाच म्यूटेशन्स आहेत: सी७२एस, के७६टी, ए२२०एस, एन३२६डी, आय३५६एल. फॅब लावून, नॅनोडिस्कमध्ये, क्रायो-ईएमने ३.२ अँगस्ट्रॉमचं स्ट्रक्चर आलं. ४९ किलोडाल्टनच्या आणि मेम्ब्रेनबाहेर काहीच नसलेल्या प्रोटीनला त्या काळात हे खरोखर जबरदस्त होतं, आणि फॅब नसता तर झालं नसतं असं मी छातीठोकपणे म्हणेन.

दिसलं काय? १० हेलिक्स मधोमध एक पोकळी करून उभ्या आहेत, पोकळी पिशवीच्या बाजूला उघडी, आणि तिच्या आतल्या भिंतीवर ऋण भार. रेझिस्टन्स देणारी बहुतेक म्यूटेशन्स प्रोटीनच्या साखळीत इथे तिथे विखुरलेली, म्हणून सिक्वेन्स बघून काही लक्षात येत नव्हतं, पण घडी घातल्यावर ती बहुतेक याच पोकळीच्या भिंतीला येऊन बसतात. आणि के७६टी एकदम समजायला लागतं. लायसिनवर धन भार, क्लोरोक्विनवरही आम्लात धन भार, दोघं एकमेकांना ढकलणार. लायसिन गेलं, थ्रिओनिनवर भार नाही, औषधाला आत यायला अडथळा कमी झाला. एका अमिनो आम्लाने जगभरात औषध निकामी करायला हातभार का लावला त्याचं चित्र इथे समोर येतं.

नुसत्या स्ट्रक्चरवर ते थांबले नाहीत हे महत्त्वाचं. रेडिओॲक्टिव्ह औषधं घेऊन बाइंडिंग मोजलं, लिपोसोममध्ये (लिपिडच्या चिमुकल्या फुग्यात) प्रोटीन बसवून वाहतूक मोजली. ७जी८ रूप क्लोरोक्विन आणि पिपेराक्विन (मलेरियाचं आणखी एक औषध) दोघांना सारख्याच ताकदीने धरतं, दोघं एकमेकांना हटवतातही, पण वाहून फक्त क्लोरोक्विनच नेतं, तेही पीएच आणि मेम्ब्रेनच्या व्होल्टेजवर अवलंबून. पिपेराक्विन धरतं पण पलीकडे सोडत नाही. म्हणजे नुसतं बाइंडिंग मोजून ज्याने रेझिस्टन्सबद्दल निष्कर्ष काढला असता तो सपशेल चुकला असता. मग त्याच ७जी८ मध्ये एफ१४५आय किंवा सी३५०आर घातलं, आशियात आणि दक्षिण अमेरिकेत नव्याने दिसलेली ही म्यूटेशन्स, तर प्रोटीन पिपेराक्विनही वाहायला लागलं, आणि जीन-एडिट केलेल्या परजीवींत रेझिस्टन्सही आला.

आपल्याशी याचा थेट संबंध आहे. ७जी८ च्या ७२ ते ७६ या पाच जागांवरचा जो नमुना, एसव्हीएमएनटी (पाच अमिनो आम्लांची अक्षरं), तोच भारतातल्या फाल्सिपेरममध्ये सगळ्यात जास्त सापडतो, ईशान्येकडे आग्नेय आशियातला सीव्हीआयईटी पण मिळतो. म्हणजे ब्राझीलच्या परजीवीचं म्हणून जे स्ट्रक्चर आलं त्याचा तो तुकडा गडचिरोलीच्या पेशंटमधल्या परजीवीतही असायची शक्यता भरपूर. २०१० पासून देशात फाल्सिपेरमला क्लोरोक्विन न देता आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात, ईशान्येत २०१३ पासून आर्टेमेथर-लुमेफँट्रिन, पण व्हायव्हॅक्सला (मलेरियाचा दुसरा परजीवी) क्लोरोक्विनच आहे, त्यामुळे हे औषध आपल्या भागातून हद्दपार झालं असं काही नाही.

आता या कामाच्या मर्यादा. पोकळीत औषध बसलेलं थेट दिसलं असं नाही, ते कुठे बसतं हा निष्कर्ष म्यूटेशनच्या जागा आणि बाइंडिंगच्या प्रयोगांवरून काढलेला. अवस्था एकच दिसली, पिशवीकडे उघडी. ट्रान्सपोर्टर मात्र एकदा इकडे एकदा तिकडे उघडतो, तरच वाहतूक होते, तर दुसरी बाजू या कामात कोरीच राहिली. आणि इथे फॅबकडे संशयाने बघावं लागतं, कारण सिलेक्शनमध्ये जी अवस्था ट्यूबमध्ये जास्त होती तिलाच धरणारा फॅब वर येतो, मग तो प्रोटीनला तिथेच अडकवून ठेवत नाही ना? हा प्रश्न फेज डिस्प्लेच्या प्रत्येक स्ट्रक्चरला विचारायचा. म्हणून बाइंडिंग आणि वाहतुकीचे आकडे हातात असणं इथे फार मोलाचं.

हीच खोड उलटी वापरता येते आणि मला त्यात जास्त रस आहे. कोरए या मॅग्नेशियम चॅनलवर शिकागोवाल्यांनी नॅनोडिस्कमध्ये मॅग्नेशियम असताना आणि नसताना वेगवेगळी सिलेक्शन्स करून अवस्थेनुसार फॅब मिळवले होते. पीएफसीआरटीला तसंच करायचं तर बफरमध्ये पिपेराक्विन भरून ठेवून सिलेक्शन करता येईल, म्हणजे औषध धरलेली अवस्था आवडणारे फॅब वर येतील, आणि रिकाम्या डिस्कसोबत औषध नसलेलं, बायोटिन नसलेलं पीएफसीआरटी पण वेगळ्या टप्प्यात दाखवून बाकीचे आधीच काढून टाकायचे. किंवा सीटीसी फॅबच भरपूर टाकून त्याची जागा झाकायची, मग नवीन फॅब दुसऱ्या बाजूने चिकटणारे मिळतील. दोन्ही कामांना लायब्ररी तीच, बीड्स तेच. क्रायो-ईएमची सोय आता बेंगळुरूतही आहे, आणि उंदीर-लामा नसल्यामुळे प्राण्यांच्या परवानग्यांचं लफडंही नाही. खरा वेळ जातो तो चांगलं, न बिघडणारं पीएफसीआरटी मिलिग्रॅममध्ये बनवून नॅनोडिस्कमध्ये बसवण्यात, आणि त्या कामाला फेज डिस्प्लेची काडीचीही मदत होत नाही.